जिटर कमी झाला म्हणता, पण बोलणं ऐकू आलं का?



मागच्या आठवड्यात नुकत्याच पेट पास झालेल्या एका ज्युनिअरने मला त्याच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला दिला. विषय: वायरलेस मेश नेटवर्कमधल्या व्हॉइस ट्रॅफिकचा डिले आणि जिटर कमी करणे. सोबत बावीस पेपर्सचा लिटरेचर रिव्ह्यू. प्रत्येक पेपरसमोर एकच ओळ: अमुक लेखकांनी डिले इतके टक्के कमी केला, तमुक लेखकांनी जिटर तितके टक्के कमी केला. मी त्याला विचारलं, "या बावीसपैकी कुठल्या नेटवर्कवरून तू घरी आईला फोन लावशील?" तो हसला. मग गप्प झाला.

त्याला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. माझा स्वतःचा रिव्ह्यू असाच होता, आणि त्या चुकीपायी माझ्या थिसिसचा एक अख्खा चॅप्टर पुन्हा करावा लागला. ती गोष्ट पुढे सांगतो. आजची पोस्ट म्हणजे या जातीच्या पेपर्सची चिकित्सा आहे. एखाद्या लेखकाला झोडायचं नाहीये. "डिले कमी, जिटर कमी" असं शेवटी लिहिलेला पेपर हातात आला की तो कसा वाचायचा, एवढंच सांगायचं आहे. तुमचा विषय वेगळा असला तरी वाचा, कारण आकडे फसवतात ते सगळीकडे याच पद्धतीने.

आधी एअरटाइमचा हिशेब

मेश म्हणजे काय तर प्रत्येक वायफाय नोड दुसऱ्याचं पॅकेट पुढे ढकलतो. गेटवेपर्यंत वायर नाही, चार-पाच उड्या मारत पॅकेट पोचतं. प्रत्येक उडीला आपण हॉप म्हणतो. व्हॉइसचं काम साधं आहे: जी.७२९ कोडेक दर २० मिलिसेकंदांना २० बाइटचा आवाज देतो. सेकंदाला ५० पॅकेट्स, दोन्ही दिशा धरून १००. यात अवघड ते काय, असं वाटेल. कागद-पेन घ्या.

उदाहरणासाठी ८०२.११बी घेऊ. जुनं आहे, पण या विषयावरचे पायाचे पेपर्स त्याच काळातले आहेत आणि गणित स्वच्छ होतं. २० बाइट आवाजावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी यांचे मिळून ४० बाइट हेडर बसतात. खाली मॅक वगैरेचे आणखी ३६. एकूण ९६ बाइट. ११ एमबीपीएसने ते पाठवायला ७० मायक्रोसेकंद लागतात. पण पाठवण्याआधी डीआयएफएसचे ५० मायक्रोसेकंद थांबायचं, मग बॅकऑफचे सरासरी ३१०, मग प्रिअँबलचे १९२. पॅकेट गेल्यावर एसआयएफएसचे १० आणि अॅकनॉलेजमेंटचे सुमारे २४८. बेरीज करा: ८८० मायक्रोसेकंद. त्यातला खरा आवाज, म्हणजे ते २० बाइट, फक्त साडेचौदा मायक्रोसेकंदांचा. दोन टक्केसुद्धा नाही! लग्नाला नवरदेव एक आणि वऱ्हाड साठ जणांचं, तसं आहे हे.

आता हाच हिशेब जी.७११ साठी करा. त्यात आवाजाचे १६० बाइट असतात, आठपट. एअरटाइम लागतो ९८२ मायक्रोसेकंद. डेटा आठपट वाढला, वेळ फक्त बारा टक्क्यांनी. म्हणून "आम्ही कमी बिटरेटचा कोडेक वापरून नेटवर्कवरचा भार घटवला" असं कुठे वाचलं की तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढा. वायफायला बाइट्सचं ओझं होत नाही, पॅकेट्सच्या संख्येचं होतं.

८८० मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने एका हॉपवर फार तर ११ कॉल बसतात, तेही एकही टक्कर झाली नाही असं धरून. आता हॉप्स वाढवा. एका सरळ साखळीत शेजारचे नोड एकाच वेळी बोलू शकत नाहीत, कारण हवा एकच. एमआयटीच्या गटाने २००१ च्या मोबीकॉममध्ये दाखवलं होतं की लांब साखळीत आदर्श परिस्थितीत चॅनेलच्या क्षमतेचा १/४ भाग मिळतो आणि ८०२.११ च्या सिम्युलेशनमध्ये साधारण १/७ च उरतो. ११ चे १/४ म्हणजे दोन-तीन कॉल. १/७ म्हणजे दीड. झालं! एवढ्याशा जागेत सगळे पेपर्स आपापली युक्ती लढवतात. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

फक्त पोचलेल्यांची सरासरी

आता माझी गोष्ट. पीएचडीचं दुसरं वर्ष. एनएस-२ मध्ये पाच हॉपची साखळी, आठ कॉल, आणि माझा नवा शेड्युलर. त्याच्या जोडीला मी प्रत्येक नोडची रांग ५० पॅकेट्सवरून ५ वर आणली होती. ग्राफ असा सुरेख आला की डिलेची रेघ खाली बसलेली, जिटरची त्याहून खाली. मी रात्री अकरा वाजता गाईडना मेल केला. सकाळी त्यांचं उत्तर एका ओळीचं: "बाकीची पॅकेट्स कुठे गेली?"

कुठे जाणार? गळली होती. रांग छोटी केली की जागा नसते तेव्हा पॅकेट टाकून दिलं जातं. उरलेली अर्थातच लवकर पोचतात. आणि सरासरी डिले काढताना आपण फक्त पोचलेली पॅकेट्स मोजतो, कारण न पोचलेल्याचा डिले मोजणार कसा? म्हणजे जितकी जास्त पॅकेट्स मारावीत, तितका डिले "सुधारतो". परीक्षेला न बसलेल्या मुलांना वगळून शाळेचा निकाल शंभर टक्के लावावा, तसं. मी मुद्दाम फसवत नव्हतो. स्क्रिप्ट जी सरासरी देत होती ती मी छापत होतो, इतकंच. पण माझा सहा महिन्यांचा प्रगती अहवाल त्याच ग्राफवर उभा होता, आणि तो चॅप्टर मला पहिल्यापासून करावा लागला.

म्हणून पहिला नियम: डिलेचा ग्राफ दिसला की त्याच लोडचा लॉसचा ग्राफ शोधा. नसेल तर डिलेच्या ग्राफला अर्थ नाही. किती पेपर्समध्ये हा दुसरा ग्राफ नसतो, ते तुम्हीच मोजून बघा.

जिटर म्हणजे नेमकं काय, ते लिहिलंय का?

"जिटर ४०% कमी झाला." बरं, पण कुठला जिटर? कोणी डिलेचं स्टँडर्ड डेव्हिएशन घेतं, कोणी कमाल वजा किमान. आरटीपीची व्याख्या आरएफसी ३५५० मध्ये आहे: लागोपाठच्या दोन पॅकेट्सच्या प्रवासवेळेतला फरक घ्यायचा, आणि प्रत्येक नव्या फरकाचा सोळावा हिस्सा धरून हलती सरासरी चालू ठेवायची. पेपरमध्ये व्याख्याच नसेल तर दोन पेपर्सचे टक्के एकमेकांशेजारी ठेवून तक्ता बनवणं म्हणजे किलो आणि लिटरची बेरीज करणं. माझ्या ज्युनिअरच्या तक्त्यात नेमकं हेच झालं होतं.

आणि व्याख्या दिली तरी सरासरी लपवते. एक उदाहरण करून बघा. समजा १०० पॅकेट्समध्ये, म्हणजे दोन सेकंदांत, एकदाच नेटवर्क अडखळलं आणि एक पॅकेट १०० मिलिसेकंद उशिरा आलं. त्याच्या मागची रांगेत अडकली, म्हणून पुढची ८०, ६०, ४०, २० मिलिसेकंद उशिरा आली आणि मग गाडी रुळावर. लागोपाठचे फरक: एकदा १००, नंतर पाच वेळा २०. बेरीज २००. शंभर पॅकेट्सवर सरासरी काढली तर जिटर २ मिलिसेकंद! पेपरमध्ये हा आकडा झकास दिसतो. पण ऐकणाऱ्याकडे २० मिलिसेकंदांचाच बफर असेल तर दर दोन सेकंदांनी चार पॅकेट्स वाया जातात. म्हणजे ८० मिलिसेकंदांचा आवाज, जवळजवळ एक अक्षर. "उद्या येऊ नको" मधला "नको" गेला तर काय होईल, विचार करा.

वायफायमध्ये हे अडखळणं अपवादाने होत नाही, ते त्याच्या स्वभावातच आहे. टक्कर झाली की बॅकऑफची खिडकी दुप्पट होते: ३१, ६३, १२७, असं करत १०२३ पर्यंत. एखादं पॅकेट सात प्रयत्नांनी गेलं तर निव्वळ बॅकऑफमध्ये सरासरी ३० मिलिसेकंद जातात, तेही एकाच हॉपवर आणि मध्ये दुसरं कोणी बोललं नाही तर. बहुतेक पॅकेट्स एक मिलिसेकंदाच्या आत पार, आणि काही थोडी तीस-चाळीसपट उशिरा. सरासरीत ही थोडी विरघळून जातात. कानाला मात्र तीच टोचतात.

डिले आणि जिटर: प्रश्न एकच आहे

मला या सगळ्या लिखाणाबद्दल मुख्य तक्रार करायची आहे ती इथे. पेपरच्या शीर्षकात "डिले आणि जिटर" असं जोडनाव येतं आणि आत दोघांचे वेगळे ग्राफ. पण कान जिटर कधीच ऐकत नाही. ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये प्लेआउट बफर असतो. आलेली पॅकेट्स थोडा वेळ धरून ठेवतो आणि मग दर २० मिलिसेकंदांनी एक असं सोडतो. बफर मोठा ठेवला तर उशिरा आलेलीही चालतात, पण सगळंच बोलणं उशिरा पोचतं. छोटा ठेवला तर बोलणं लवकर पोचतं, पण उशिरा आलेलं पॅकेट फेकून द्यावं लागतं. म्हणजे जिटर बफरमधून बाहेर पडताना एकतर डिले होऊन पडतो, नाहीतर लॉस होऊन. तिसरी वाट नाही. रामजी, कुरोज, टाउस्ली आणि शुलझरिन यांनी बदलत्या प्लेआउट वेळेवर १९९४ सालीच पेपर लिहिला होता. तरीही आजच्या कित्येक मेश पेपर्समध्ये बफर हा शब्दच सापडत नाही!

आकड्यांत बघू. कोल आणि रोझेनब्लूथ यांनी २००१ मध्ये आयटीयूच्या ई-मॉडेलचं एक सोपं रूप दिलं. गुण ९४.२ पासून सुरू. एकूण एकतर्फी डिलेच्या प्रत्येक मिलिसेकंदाला ०.०२४ वजा. डिले १७७.३ च्या पुढे गेला की त्यापुढच्या प्रत्येक मिलिसेकंदाला आणखी ०.११ वजा. जी.७२९ चे मुळातच ११ वजा, आणि लॉससाठी ४० गुणिले (१ + १० × लॉस) चा नैसर्गिक लॉगॅरिदम वजा. लॉस म्हणजे गळलेली अधिक उशिरा आल्यामुळे फेकलेली, दोन्ही मिळून. ७० च्या खाली गेलात की बरेचसे लोक नाराज, असं समजा.

आता दोन काल्पनिक पद्धती घ्या. पहिलीत सरासरी डिले ४० मिलिसेकंद, आणि ६० च्या पुढे फक्त १% पॅकेट्स. दुसरीत सरासरी ३०, पण ५% पॅकेट्स ६० च्या पुढे आणि १% पॅकेट्स २०० च्या पुढे. पेपर दुसरी पद्धत छापणार: "सरासरी डिले २५% कमी." आता बफर लावा. कोडेकचे २५ मिलिसेकंद धरून पहिलीचा एकूण डिले ८५, लॉस १%, गुण सुमारे ७७. दुसरीला तेवढाच बफर दिला तर लॉस ५%, गुण ६५. बरं, मोठा बफर देऊ, लॉस १% वर आणू. मग एकूण डिले २२५ होतो आणि गुण येतात साधारण ६९. दोन्ही वेळा २५% "सुधारलेली" पद्धत ७० च्या खालीच.

हे गणित करायला वहीचं अर्धं पान लागतं. रिव्ह्यूमधल्या प्रत्येक पेपरसाठी करून बघा. जिथे करताच येत नाही, कारण वितरण दिलेलं नाही, तिथे "आवाजाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही" असं स्पष्ट लिहा. असं वाक्य लिहायला सुरुवातीला भीती वाटते. मलाही वाटली होती. पण रिव्ह्यूचं मोल अशाच वाक्यांत असतं.

पॅकेट्सची मोट बांधणे

या विषयातली सर्वात गाजलेली युक्ती म्हणजे अनेक व्हॉइस पॅकेट्स एका फ्रेममध्ये बांधून पाठवणे, अॅग्रिगेशन. आपल्या वऱ्हाडाच्या हिशेबात ती चपखल बसते. चार पॅकेट्स वेगवेगळी पाठवली तर ३५२० मायक्रोसेकंद. एकत्र बांधली तर सुमारे १०११. साडेतीनपट फायदा, तोही फुकट?

२००६ च्या इन्फोकॉममध्ये निकुलेस्कू, गांगुली, किम आणि इझमाइलोव्ह यांचा ८०२.११ मेशवरच्या व्हीओआयपीचा पेपर आला. तो मी प्रत्येकाला वाचायला सांगतो. पंधरा नोडचं खरं टेस्टबेड होतं, नुसतं सिम्युलेशन नव्हतं. आणि त्या काळच्या चांगल्या कामात एक बारीक मुद्दा जपलेला दिसतो: पॅकेट्स बांधण्यासाठी मुद्दाम थांबायचं असेल तर प्रवेशाच्या नोडवर, मोजून. मधल्या नोड्सवर थांबू नका. चॅनेल मोकळा होईपर्यंत रांगेत जी पॅकेट्स आपोआप जमतात, तेवढीच बांधा.

नंतरच्या नकलांमध्ये युक्ती उरली, बारीक मुद्दा गळला. थांबण्याचा हिशेब बघा. एका नोडवर एकच कॉल असेल आणि चार पॅकेट्स बांधायची असतील, तर पहिलं पॅकेट ६० मिलिसेकंद बसून राहणार. १५० मिलिसेकंद ही आयटीयूच्या जी.११४ मधली एकतर्फी डिलेची निवांत मर्यादा. त्यातले ६० आपण घराच्या उंबरठ्यावरच खर्च केले! उलट नोडवर वीस कॉल असतील तर थांबावंच लागत नाही. म्हणजे एकच युक्ती कमी लोडवर डिले वाढवते आणि जास्त लोडवर घटवते. ग्राफ मात्र बहुधा जास्त लोडचाच छापला जातो.

आणि तिथला मोठा टक्का कुठून येतो, तेही समजून घ्या. जास्त लोडवर तुलनेची साधी पद्धत आधीच बुडालेली असते. क्षमता तीन कॉलची, टाकले आठ. बुडालेल्या नेटवर्कमध्ये डिले किती, हे रांगेच्या लांबीवर ठरतं. ५० ची रांग असेल तर एक आकडा, १०० ची असेल तर जवळपास दुप्पट. मग "आम्ही डिले ९०% कमी केला" यातला ९० हा आकडा तुमच्या पद्धतीचा नाही, समोरच्याच्या रांगेचा आहे. रांग वाढवा, टक्का वाढतो. अशा ठिकाणी विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: ७० गुणांच्या वर किती कॉल टिकतात? आधी दोन होते, आता पाच झाले, असं कोणी लिहिलं तर तो निकाल.

रस्ता निवडताना कोणाचं वजन धरलं?

दुसरी मोठी शाखा राउटिंगची. इथे एक गोष्ट सहसा कोणी तपासत नाही. ८०२.११एस या मेश मानकात रस्त्याचा खर्च मोजायला एअरटाइम मेट्रिक आहे. तो मोजताना ८१९२ बिटची, म्हणजे १०२४ बाइटची चाचणी फ्रेम धरतात. आपलं व्हॉइस पॅकेट ९६ बाइटचं. फरक पडतो का? करून बघू.

दोन रस्ते आहेत. एक थेट, पण लांबचा, म्हणून २ एमबीपीएसचा एकच हॉप. दुसरा ११ एमबीपीएसचे दोन हॉप. मोठ्या फ्रेमला थेट रस्त्यावर सुमारे ४९०६ मायक्रोसेकंद लागतात आणि दोन हॉप्सच्या रस्त्यावर ३११०. मेट्रिक म्हणणार, दोन हॉप्सने जा. व्हॉइस पॅकेटला मात्र थेट रस्त्यावर ११९४ लागतात आणि दोन हॉप्सवर १७६०. उत्तर उलटं! शिवाय दोन हॉप्स म्हणजे दोनदा बॅकऑफ, दोनदा टक्करीचा धोका, म्हणजे जिटरची दोन दारं. लांबच्या लिंकवर लॉस जास्त असेल तर हिशेब बदलेल, मान्य. पण व्हॉइससाठी नवा राउटिंग प्रोटोकॉल मांडणारा पेपर आधी हा साधा हिशेब करतो का, ते बघा. न करताच त्यात अँट कॉलनी नाहीतर न्यूरल नेटवर्क आणलेलं असेल, तर सावध व्हा.

असाच एक शब्द ईडीसीएबद्दल. ८०२.११ई ने व्हॉइसला प्राधान्य दिलं: बॅकऑफची खिडकी ३१ वरून ७ वर. सरासरी थांबणं ३१० वरून ७० मायक्रोसेकंदांवर येतं. घरातल्या एका राउटरला हे उत्तम, कारण तिथे व्हॉइसची स्पर्धा डाउनलोडशी असते. मेशमध्ये मात्र पुढे ढकलणारा प्रत्येक नोड व्हॉइसच वाहत असतो. सगळ्यांनाच प्राधान्य दिलं की कोणालाच उरत नाही. ३२ ऐवजी ८ आकड्यांतून चिठ्ठी काढायची, म्हणजे दोघांची चिठ्ठी सारखी निघण्याची शक्यता चौपट.

मग चांगलं काम कसं दिसतं?

नुसती तक्रार करून थांबणं बरोबर नाही. एक उदाहरण आपल्याकडचंच. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू आयआयटी कानपूरमध्ये असताना डिजिटल गँजेटिक प्लेन्स या प्रकल्पात गावांना लांब पल्ल्याच्या वायफाय लिंक्सनी जोडत होते. पुढे दोघंही आयआयटी मुंबईत आले. २००५ च्या मोबीकॉममध्ये त्यांनी २पी नावाचा मॅक प्रोटोकॉल मांडला. एका नोडवरच्या सगळ्या लिंक्सनी एकाच वेळी पाठवायचं, मग एकाच वेळी ऐकायचं. त्यांचा भर थ्रूपुटवर होता, व्हॉइसवर नव्हता. तरी मी ते वाचायला सांगतो, कारण विचाराची दिशा बघण्यासारखी आहे. मूळ दुखणं चॅनेलसाठीच्या धक्काबुक्कीत आहे हे ओळखून त्यांनी तीच काढून टाकली आणि वेळ वाटून घेतली. पाळी ठरलेली असली की वाट किती बघायची त्यालाही मर्यादा येते. व्हॉइसला हवं असतं ते हेच: सर्वात वाईट वेळेवर मर्यादा. सरासरी किती, हा प्रश्न दुय्यम. अर्थात त्यालाही किंमत आहे, पाळ्या जुळवाव्या लागतात आणि रिकामी पाळी वाया जाते. पण किंमत कुठे मोजली, हे तिथे उघड दिसतं.

"हे सगळं ११बी चं झालं, आता ११एन आणि पुढचं आहे," असं तुम्ही म्हणाल. बरोबर. २००९ च्या ११एन मध्ये अॅग्रिगेशन मॅकमध्येच आलं, आणि लिनक्समध्ये नंतर वायफायच्या रांगा नीट आवरण्याचं मोठं काम झालं. पण वेग वाढला तरी ठरावीक खर्च त्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे छोट्या पॅकेटमागचं वऱ्हाड उलट जास्तच डोळ्यात भरतं. आकडे तुमच्या मानकाचे घाला, हिशेबाची पद्धत हीच.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

प्रत्येक पेपरला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं तक्त्यात लिहा.

१. डिलेच्या सरासरीत न पोचलेल्या पॅकेट्सचं काय केलं?
२. जिटरची व्याख्या कुठली? वितरण किंवा ९९ वा पर्सेंटाइल दिलाय का?
३. प्लेआउट बफर धरला का? धरला तर किती मिलिसेकंदांचा?
४. ज्याच्याशी तुलना केली ती पद्धत त्या लोडवर जिवंत होती की बुडालेली?
५. सगळे कॉल एकाच क्षणी सुरू केले का? केले असतील तर अॅग्रिगेशनला पॅकेट्स आयती एकत्र मिळतात. खऱ्या आयुष्यात सगळं गाव एका ठोक्याला फोन उचलत नाही.

ज्युनिअरने हे पाच रकाने करून बावीस पेपर्स पुन्हा वाचायला घेतले. काल त्याचा फोन आला, आवाज जरा उतरलेला. म्हणाला, "दादा, रकाने बरेच रिकामे राहतायत. माझा रिव्ह्यू तर अर्धाच उरला." मी म्हटलं, अरे, ते रिकामे रकानेच तुझा रिसर्च गॅप आहेत. लोक गॅप शोधायला दोन-दोन वर्षं घालवतात, तुला आठवड्यात दिसला.

माझ्या त्या चॅप्टरचं काय झालं, ते सांगून थांबतो. रांग पुन्हा ५० केली, बफर धरला, गुण काढले. माझा शेड्युलर साध्या पद्धतीपेक्षा फक्त एक कॉल जास्त टिकवतो, असं निघालं. दोनाचे तीन. आधीच्या ग्राफसमोर हे अगदीच किरकोळ दिसत होतं. गाईडनी मात्र तोच आकडा थिसिसमध्ये ठेवायला सांगितला, कारण आता कोणी विचारलं की बाकीची पॅकेट्स कुठे गेली, तर माझ्याकडे उत्तर आहे.

पुढच्या पोस्टमध्ये ई-मॉडेलचं हे गणित स्प्रेडशीटमध्ये कसं मांडायचं ते बघू. तोवर तुमच्या रिव्ह्यूतला एक तरी पेपर या पाच प्रश्नांतून काढून बघा.